आधी झेन, मग जीटी-थ्रीचं बोलू

धुळ्यात हायवेला लागून माझं छोटं गॅरेज आहे. सुट्टीत कॉलेजची पोरं येऊन बसतात, मोबाइलवर पोर्शे ९११ जीटी-थ्री ही ट्रॅकसाठीची महागडी गाडी दाखवतात आणि विचारतात, "काका, मागची सीट नाही, इंजिनचा आवाज थेट आत, खड्डा सरळ मणक्यात. एवढा पैसा ओतून लोकांना मिळतं काय?"

मी त्यांना गेअरबॉक्सची गोष्ट सांगतो. २०१३ ला कंपनीने जीटी-थ्रीमधून मॅन्युअल गेअर काढून टाकला, कारण ऑटोमॅटिक जास्त वेगवान. गिऱ्हाइकं कुरकुरली आणि २०१७ ला तो परत आला. २०२१ च्या मॉडेलला शून्य ते शंभर गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलला ३.९. तरी लोक मॅन्युअल घेतात. अर्धा सेकंद सोडून ते जे पदरात पाडून घेतात, ते समजायला पोर्शे लागत नाही. जुनी मारुती झेन पुरते.

झेन घेताना बिगर पॉवर स्टेअरिंगचीच बघा. ९९३ सीसी, वजन पाऊण टनाच्या आसपास. इंजिन थोडं थकलेलं चालेल, पण टायरॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाजवळचा सांधा), लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबर) आणि शॉकअप नवे टाका. स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर टायर काय सांगतोय ते हातापर्यंत पोचणारच नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं आरसी नूतनीकरण झालंय का, तेही बघून घ्या.

आणि ब्रेक ऑइल बदला. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. पहिल्या झेनचं सगळं नवं केलं आणि ऑइल तेवढं जुनंच ठेवलं. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना पेडल फळीला टेकलं. हॅन्डब्रेक मागच्या ड्रमला वायरने जोडलेला असतो म्हणून वाचलो. गेअर खाली घेत, तो हळूहळू ओढत गाडी कडेला लावली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ या ग्रेडचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी प्यायलेलं १४० च्या पुढेच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफेवर कितीही पाय दाबा, ब्रेक लागत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर डॉट ४ च टाका. गाडीला ते चालतं.

आता सरावाची जागा. घाट नाही, बायपास नाही, कितीही पहाट असो. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारं रिकामी पडतात. मालकाला विचारा. आधी स्वतः झाडून काढा, गाठी बांधायच्या पट्टीचे तुकडे टायर फाडतात. कोपऱ्यात रुई पडलेली दिसली तर गाडी आतच नेऊ नका. तापलेला सायलेन्सर आणि रुई एकत्र नको. सीटबेल्ट, हेल्मेट दोन्ही. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं होतं, "काय करी ऱ्हायना भो, सर्कस का?"

सर्कसच म्हणा. मधे खिळा, त्याला १० मीटर दोरी, आणि चुन्याची फक्की टाकत गोल आखा. बाहेर चहूबाजूंनी तेवढीच मोकळी जागा हवी. दुसऱ्या गेअरमध्ये गोलावरून फिरा, २० पासून सुरू करून अगदी सावकाश वाढवत. स्टेअरिंग जड होत जाईल. ३० च्या आसपास एक क्षण असा येतो की ते अचानक हलकं लागतं, आणि गाडी मात्र अजून गोलावरच असते. तो क्षण पकडायचा. वळणात टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळला जातो आणि चाक सरळ व्हायला बघतं, म्हणून हाताला जड लागतं. टायर घसरायला लागला की हे सरळ व्हायचं बळ आधी ओसरतं, पकड त्यानंतर सुटते. म्हणजे गाडी आगाऊ निरोप देते. पुष्कळशा नव्या गाड्यांत स्टेअरिंगची इलेक्ट्रिक मोटर हा निरोप मधेच गिळते. ट्रॅकसाठीच्या गाडीत तो शाबूत ठेवायला इंजिनिअर घाम गाळतात. हलकं लागलं की ॲक्सिलरेटर हळू सोडा. झटक्यात सोडलात तर वजन पुढे येतं आणि मागची बाजू फिरू शकते.

गेअर मात्र साध्या रस्त्यावर शिकता येतो. चौथ्यातून तिसऱ्यात येताना क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस द्या, मग क्लच सोडा. मी सोनगीरला जाताना आईला शेजारी बसवायचो. तिची मान पुढे गेली की माझी रेस कमी पडली. महिनाभराने ती झोपायला लागली.

एवढं जमल्यावरच ट्रॅकचा विचार. पोरं म्हणतात मध्य प्रदेशातलं पिथमपूर जवळ आहे, पण तिथला ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक वेगाच्या चाचण्यांसाठी आहे, वळणं शिकायला नाही. कोइमतूरचा कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, दोन्ही लांब. रेल्वेने जा आणि तिथे शिका.

जिनिंगच्या आवाराकडे निघण्याआधी एक काम. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला, जिथे नक्षी संपते तिथे, चुन्याची उभी रेघ ओढा. दहा फेऱ्यांनी उतरून बघा. चुना नक्षीच्या खाली बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला असेल तर टायर मुडपतोय. दोन पॉइंट हवा वाढवा आणि पुन्हा रेघ ओढा.