जेक्यू नव्हतं, आणि रागावलो एनजिनेक्सवर

नवीन डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर सेटअप स्क्रिप्ट चालवली. शेवटी एनजिनेक्स (वेब सर्व्हर) अडलं: कुठल्या पोर्टवर ऐकायचं ते सांगणाऱ्या 'लिसन'च्या ओळीत आर्ग्युमेंट्सची (पुढे दिलेल्या मूल्यांची) संख्या चुकीची. फाइल उघडली तर 'लिसन'पुढे थेट अर्धविराम, पोर्ट गायब! ती फाइल ज्यातून बनते ते टेम्प्लेटच तासभर चाचपत बसलो.

खरी भानगड वरच होती. स्क्रिप्टमध्ये पोर्टचा आकडा जेक्यूने (जेसन फाइलमधून माहिती काढणारी कमांड) जेसनमधून काढून पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला जोडून, 'हेड'ला (पहिल्या ओळी देणारी कमांड) दिला होता आणि मिनिमल इन्स्टॉलमध्ये जेक्यू येतच नाही. 'कमांड नॉट फाउंड' छापलं गेलं होतं, पण पॅकेज बसवणाऱ्या एपीटीच्या बडबडीत कोण बघतो! कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट -ई' असूनही स्क्रिप्ट थांबली नाही, कारण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचाच निकाल धरतात. हेडला रिकामं मिळालं, त्याने शून्य (म्हणजे 'यशस्वी') परत केलं. सगळं आलबेल.

आता 'पाइपफेल' चालू केलंय, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली की सगळा पाइप फसला असं धरतात. शिवाय सुरुवातीलाच स्क्रिप्टला लागणाऱ्या कमांडसाठी एक लूप: जेक्यू, कर्ल, आरसिंक, डिग, प्रत्येकासाठी 'कमांड -व्ही' (ती कमांड मशीनवर आहे का ते सांगतं). पहिलं सापडलं नाही की लगेच बाहेर पडायचं नाही. सगळी नावं गोळा करून एकदम छापायची, नाहीतर दर खेपेला एकेक कळतं. असंच काम करणारं 'व्हिच' मुद्दाम टाळलं, काही छोट्या सिस्टिम इमेजमध्ये तेच नसतं. आणि हो, 'डिग' नावाचं पॅकेज शोधू नका: डेबियनवर ते बाइंड९-डीएनएसयुटिल्समध्ये, फेडोरावर (दुसरा लिनक्स) बाइंड-युटिल्समध्ये.