जर्मनीत यजमानांच्या घरी हिवाळी मुक्काम: आधी खिडकी उघडायला शिका

मालवण-वेंगुर्ल्याकडे होमस्टे चालवणाऱ्या बऱ्याच घरांना जर्मन पाहुण्यांचं आमंत्रण आलेलं असतं: आता तुम्ही आमच्याकडे या, हिवाळ्यात या. जाच. हॉटेलात राहून तो देश कळत नाही.

नाताळच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तो आपला ऐन सीझन. तिकडे 25 आणि 26 डिसेंबरला दुकानं बंद, 24च्या संध्याकाळी घरातली माणसं आपापल्यात. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस भरतात आणि बहुतेक 23-24 तारखेपर्यंत उठतात, त्यामुळे खरी मजा आधीच असते. 5 डिसेंबरच्या रात्री मुलं दाराशी बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ शोधतात, ते बघायला मिळायला हवं. वीस तारखेपर्यंत परत या. आंब्याच्या मोहोराकडेही बघायचं असतं.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. फी 90 युरो, आणि विमा किमान 30,000 युरोचा. खर्च यजमान उचलणार असतील तर त्यांच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र काढून त्याची मूळ प्रत मागवा. खर्च तुमचा असेल तर साधं निमंत्रणपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा.

कपडे: आतून थर्मल, वरून वारा न शिरणारं जॅकेट, न घसरणारे बूट. घरात घालायला जाड मोजे.

आता मुख्य गोष्ट. मला सगळ्यात जास्त वेळ हीच उमगायला लागला, आणि सल्ला देणारे नेमकी हीच सोडून बाहेरच्या थंडीबद्दल बोलत बसतात. बाहेरची थंडी जॅकेटने भागते. यजमानांशी कुरबुर होते ती घरातल्या हवेवरून.

ती घरं घट्ट बंद असतात. आपली आंघोळ, आपला स्वयंपाक, दोरीवरचे ओले कपडे यांची वाफ बाहेर जात नाही. गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते, आपल्याकडे आषाढात ट्रंकेतल्या कपड्यांना धरते तशी. म्हणून तिथली माणसं कडाक्याच्या थंडीतही दिवसातून तीन-चारदा खिडक्या सताड उघडतात. पाच मिनिटं, हीटर बंद करून, मग परत लावून घ्यायच्या. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती ऊबदार राहतात. खिडकी दिवसभर किंचित तिरकी उघडी ठेवणं सगळ्यात वाईट: भिंती गार पडतात, बुरशी वाढते, गॅसचं बिलही. आणि खिडकी उघडली की "अहो, थंडी!" म्हणून धावत जाऊन बंद करू नका. तो त्यांच्या घराच्या शिस्तीचा भाग आहे.

हीटरच्या गोल बटणावर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. कुणी काहीही सांगो, 3 वर ठेवा आणि स्वेटर घाला. आंघोळीनंतर काचेवरचं पाणी रबरी पट्टीने ओढा, बाथरूमची खिडकी उघडा, दार मात्र बंद ठेवा, नाहीतर सगळी वाफ घरात शिरते.

याच कारणाने सुकट, बांगडे भाजायचा हट्ट धरू नका. मासे न्यायला परवानगी आहे, 20 किलोपर्यंत. पण तो वास आठवडाभर पडद्यांतून जात नाही. तूप, पेढे, खवा तर विमानतळावरच काढून घेतात, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. न्यायचं ते कोकम, आंबापोळी, काजू आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी. जेवण करून घालायचंच असेल तर यजमानांना विचारून दिवस ठरवा, फोडणी झाकण ठेवून द्या, खिडकी उघडी ठेवा. सोलकढीला तर फोडणीही लागत नाही.

चार-साडेचारला अंधार पडतो, तेव्हा फिरणं सकाळीच उरका. रविवारी दुकानं बंद असतात, सामान शनिवारीच आणा. निघायच्या दिवशी उशी-गादीच्या खोळी काढून घडी करून ठेवा. तो दिवस रविवार असेल तर मशीन लावू नका, शेजाऱ्यांना आवाज चालत नाही.