ब्रिटनमधील भाड्याच्या भाजीमळ्यातील शरदातली कामे

ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदेकडून भाड्याने मिळालेल्या भाजीच्या तुकड्यावर शरदात लसणाच्या लागवडीला पहिला मान द्यावा, कारण गड्ड्यात पाकळ्या नीट सुटण्यासाठी त्याला काही आठवड्यांची कडक थंडी मिळावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी न साचणाऱ्या उन्हाच्या जागी, ठसठशीत पाकळ्या टोक वर ठेवून १५ सेंटिमीटर अंतरावर, टोकावर २-३ सेंटिमीटर माती येईल अशा बेताने लावाव्यात. बियाणे रोगमुक्त असावे, किराणा दुकानातले नको. पक्षी कोवळे कोंब उपटतात, म्हणून वर जाळी अवश्य पसरावी. टोमॅटोची करपलेली झाडे काढून टाकावीत. आसपासच्या मोठ्या वृक्षांची गळलेली पाने मात्र कृपया जाळू नयेत. ती ओली करून, भोके पाडलेल्या पिशवीत दाबून ठेवल्यास वर्षा-दोन वर्षांत त्यांचे भुसभुशीत, ओल धरणारे खत होते.