माजी सैनिकांसाठी देणगी देताना संस्था कशी पारखावी

सीमेवर काही घडले की जवानांविषयीची आपली आपुलकी उफाळून येते आणि नेमक्या त्याच दिवसांत क्यूआर कोड जोडलेली मदतीची आवाहने मोबाइलवर फिरू लागतात. अशा वेळी कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचे नाव उमटते, हे पैसे पाठवण्यापूर्वी न चुकता पाहावे. ते संस्थेचे नसून एखाद्या व्यक्तीचे असेल, तर तिथेच थांबावे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाकडे धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक असतो. तो निःसंकोच मागावा. आयकर सवलतीची, म्हणजे सर्वजण जिला 80-जी म्हणतात ती, नोंदणी मुदतीत आहे का, हेही तपासावे. मात्र नोंदणीवरून कामाचा कस कळत नाही; तो लेखापरीक्षित हिशेबात दिसतो. न्यासाच्या हिशेबातील अनुसूची नऊ हे उत्पन्न-खर्चाचे पत्रक असते आणि त्यात आस्थापना खर्च व न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च वेगवेगळे दाखवलेले असतात. एखाद्या वर्षी इमारतीची दुरुस्ती निघू शकते, म्हणून तीन वर्षांची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. पगारावर खर्च दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नये. कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानाला दिवसातून अनेकदा कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते करणाऱ्या परिचारकाचा पगार हीच तिथली खरी सेवा असते.

यानंतर संस्था नेमके काय करते, हे विचारावे. पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथेच अपंगत्व आलेल्या सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जिची स्थापना 1917 मधली. अशा कामाला ठावठिकाणा असतो, रीतसर परवानगी घेऊन ते पाहता येते. केवळ सत्कार, शाली आणि छायाचित्रे यांवर ज्यांचा अहवाल संपतो, त्यांना मी देणगी देणार नाही.

मला सर्वांत भरवशाची वाटणारी चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. माजी सैनिक आणि वीरपत्नी पेन्शनच्या अडचणी, मुलांच्या शिष्यवृत्त्या घेऊन तिथेच येत असल्याने कोणती संस्था खरोखर धावून येते, हे त्या कार्यालयाला ठाऊक असण्याची शक्यता मोठी असते.

तरीही मन निर्धास्त होत नसेल, तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहेच. 1949 पासून 7 डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनाचा हा निधी केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत वापरला जातो. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरील, हवालदार किंवा त्याखालच्या पदावरून आलेल्या गरजू माजी सैनिकांना त्यातून दरमहा मदत मिळते.

पावती मागण्यात संकोच बाळगू नये. 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर 80-जीची वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. परदेशातील मराठी मंडळींपैकी ज्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले आहे, त्यांची देणगी परदेशी ठरते. त्यामुळे संस्थेकडे परदेशी देणग्यांसाठीची गृह मंत्रालयाची नोंदणी आहे ना, हे त्यांनी आधी विचारून घ्यावे.