समुद्रात कमी दाब, म्हणजे चक्रीवादळ? अंदाज वाचताना या चुका टाळा

मे महिना लागला की कोकणातल्या मोबाइलवर एक चित्र हमखास फिरतं. अरबी समुद्रात लालजांभळा भोवरा आणि खाली दहा दिवसांनंतरची तारीख. ते एका मॉडेलचं, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रणालीचं, एका वेळचं गणित असतं. पुढच्या फेरीत तोच भोवरा शेकडो किलोमीटर सरकतो, कधी नाहीसाच होतो. दोन-तीन मॉडेलं सलग काही फेऱ्या तेच दाखवू लागली, की मग लक्ष द्या. तोवर चित्र पुढे पाठवू नका.

नावाचीही घाई नको. २०२५च्या मेमध्ये ‘शक्ती’ चक्रीवादळ येणार म्हणून किनाऱ्यावर केवढी घबराट झाली! २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीदरम्यान आलं ते डिप्रेशन होतं, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राच्या पुढची, पण चक्रीवादळाच्या अलीकडची पायरी. वारे ताशी ६२ किलोमीटरवर गेल्याशिवाय हवामान खातं नाव देत नाही. ‘शक्ती’ हे नाव ऑक्टोबरात वेगळ्याच वादळाला मिळालं.

खात्याच्या पत्रकातली टक्केवारी तर बहुतेक जण चुकीची वाचतात. ‘मध्यम’ म्हणजे ३४ ते ६७ टक्के, पण ही शक्यता डिप्रेशन तयार होण्याची असते, चक्रीवादळाची नव्हे.

‘पाणी तापलंय, म्हणजे होणारच’ हेही खरं नाही. साडेसव्वीस अंश तापमान लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात. ते ढगांचा डोलारा उभाच राहू देत नाहीत. इन्सॅट या हवामान उपग्रहाच्या चित्रात हे डोळ्यांना दिसतं: ढगांचा पांढरा गोळा एका बाजूला ढकललेला आणि खालचा भोवरा उघडा पडलेला. असं असेल तर जोर धरणं कठीण. मात्र पहाटेच्या एकाच चित्रावर जाऊ नका. समुद्रावरचे ढग रात्री फुगतात आणि दुपारी बरेचदा विरतात. दुपारनंतरही गोळा केंद्रावर टिकून आहे का, ते बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच्या उलट आहे: ‘अजून साधा कमी दाबच आहे.’ निसर्ग चक्रीवादळ ३१ मे २०२०ला कमी दाबाचं क्षेत्र होतं, १ जूनला डिप्रेशन, २ जूनला चक्रीवादळ आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. छोट्या होडीला तर डिप्रेशनचा वाराही झेपत नाही. म्हणून पत्रक उघडल्यावर टक्केवारीआधी मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याची खूण) लागला असेल तर होडी आतच ठेवा.