रेप्लिका गाडीचा एक्झॉस्ट: किनाऱ्यावर या चुका टाळा

रत्नागिरीत रेप्लिका, म्हणजे नामांकित जुन्या गाडीची नक्कल, बांधायला घेतलेला प्रत्येक मुलगा आधी आवाजाचं विचारतो. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप कुठल्या धातूचा, हे त्याला फार उशिरा सुचतं. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याने आधी धातू ठरवावा, आवाज मागाहून जुळवता येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रेलिंगचा पाइप. चकाकतो, चुंबक चिकटत नाही, म्हणून ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील समजून घेतात. चुंबक २०२ जातीच्या स्टेनलेसलाही चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. मालगुंडहून कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स गाडीची एक रेप्लिका आली होती, दाराखालून जाणारे साइड पाइप असलेली. फायबरची बॉडी भाजू नये म्हणून पाइपांना काचेच्या धाग्यांची उष्णतारोधक पट्टी गच्च गुंडाळलेली. दोन पावसाळे झाले होते. पट्टी सोडली तर आतून ओलीच, आणि वेल्डच्या कडेचे पापुद्रे तिला चिकटून निघाले. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. दोन्ही बाजू नव्याने कराव्या लागल्या.

मी दुकानातच पाइपवर तपासणीचं औषध टाकून ३०४ ची खात्री करतो आणि वेल्डिंगला ३०८ ची फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, वापरतो. पट्टी किनाऱ्यावर अजिबात नको, ती मीठ आणि ओल धरून ठेवते. पाइप आणि फायबर यांच्यात मोकळी जागा सोडून अॅल्युमिनियमचा पत्रा लावा. साइड पाइपवर जाळी हवीच, उतरताना पोटरी भाजते.

दुसरी चूक घाईची. गाडी जॅकवर असताना पक्कं वेल्डिंग उरकायचं. तेव्हा मागचा अॅक्सल खाली लोंबत असतो, चाकं टेकली की वर येतो आणि पाइपवर आदळतो. मी नुसते टाके मारतो, गाडी चाकांवर उतरवतो, दोन माणसं बसवून गतिरोधकावरून नेतो, मग पक्कं करतो. यात अर्धा दिवस जातो, तो द्यायचाच.

इंजिन हलतं, म्हणून लवचीक जोड हवा, नाहीतर हेडरचा (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपांचा) फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची चकती, तडकतो. गरजेपेक्षा जाड पाइप घातला तर आंबा घाटात इंजिन हळू फिरत असतानाचा जोर गेलेला कळतो. सायलेन्सर काढून फिरू नका, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० त्याच्यासाठीच आहे.

गाडी जवळच्याजवळच फिरत असेल तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडा. समुद्रावरून आलात की पाइप गार होऊ द्या, मग गोड्या पाण्याने धुवा.