प्रच्छाया : या चुका टाळा

5 मे 2023, बुद्धपौर्णिमेची रात्र. फोनवर दिवसभर ‘आज चंद्रग्रहण’ असे निरोप फिरत होते. मी पोरांना घेऊन रंकाळ्यावर गेलो तेव्हा निम्मी पेठ तिथं हजर. पावणेनऊच्या सुमाराला ग्रहण सुरू झालं, अकराच्या आत मध्यही आला, आणि चंद्र होता तसाच गोल, लख्ख. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन दोन तास उभे होते. “सर, गिराण लागलं का न्हाई अजून?” लागलं होतं. पण चंद्र फक्त पृथ्वीच्या उपच्छायेतून, म्हणजे सावलीच्या फिकट कडेतून जात होता, प्रच्छायेला, म्हणजे मधल्या पूर्ण सावलीला, त्याचा स्पर्शसुद्धा होणार नव्हता. पंचांगवाले अशा ग्रहणाला ‘छायाकल्प’ म्हणतात. निरोप पुढं ढकलणाऱ्यांनी नेमका तोच शब्द गाळला होता. आजोबा काही बोलले नाहीत, पोराला उतरवून घेतलं आणि निघाले. मला ते अजून लागतं.

तेव्हापासून माझी सवय एकच : ग्रहणाची तारीख कळली की आधी विचारायचं, प्रच्छायेत शिरणार का? 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास ग्रहण उपच्छायेत रात्री 8:58 ला सुरू झालं, पण मी पोरांना पावणेदहाला बोलावलं. 9:57 ला चंद्राची कड प्रच्छायेत गेली आणि पहिला घास सगळ्यांनी पाहिला.

सगळ्यात खोल रुतलेली चूक म्हणजे ‘प्रच्छाया म्हणजे जास्त काळोख’. नाही. पोरांना मी सांगतो, सावलीत एक मुंगी बसवा आणि तिला विचारा, तुला सूर्य दिसतो का? जराही दिसत नाही म्हणाली तर ती प्रच्छायेत. अर्धामुर्धा दिसतो म्हणाली तर उपच्छायेत. खग्रास ग्रहणात चंद्र प्रच्छायेत बुडूनही तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणात वाकलेला लाल उजेड तिथं पोचतो. उजेड आहे, तरी ती प्रच्छायाच.

आता शब्दाकडे. ‘प्रछाया’ लिहू नका. ऱ्हस्व स्वरापुढं छ आला की मध्ये च् येतो, परिच्छेदात येतो तसा. म्हणून प्रच्छाया, उपच्छाया. हा शब्द कुणी इंग्रजीवरून घाईघाईनं पाडलेला आहे असंही समजू नका. शाकुंतलाच्या सुरुवातीलाच उन्हाळ्याच्या वर्णनात ‘प्रच्छायसुलभनिद्रा दिवसाः’ असं येतं, म्हणजे दाट सावलीत सहज डोळा लागतो असे दिवस. भर मे महिन्यात वडाखाली आडवं झालेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि प्रच्छायेचा इंग्रजी शब्द ‘अम्ब्रा’ आपल्या अंबरावरून आला, हे तर वर्गात दरवर्षी कुणीतरी ठणकावून सांगतंच. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ साधा : सावली. लॅटिनमध्ये मेलेल्या माणसाच्या छायेलाही तोच शब्द. इटालियन वाटेनं त्यातूनच ‘अम्ब्रेला’ आली, जी मुळात उन्हातली सावली होती, पावसातली छत्री नंतरची. ‘पेनम्ब्रा’, म्हणजे उपच्छाया, हा मात्र घडवलेला शब्द : ‘पेने’ म्हणजे जवळजवळ, त्याला सावली जोडलेली. तो खगोलशास्त्रज्ञ केपलरनं 1604 साली वापरात आणला.

प्रयोगाची चूक. मोबाइलचा टॉर्च आणि चेंडू घेऊन उपच्छाया दाखवू नका. टॉर्चचा ठिपका इतका बारीक असतो की सावलीची कड कापल्यासारखी येते आणि उपच्छाया जवळजवळ दिसतच नाही. शिक्षकांनाही हाच शॉर्टकट हवा असतो, मग पोरं ‘उपच्छाया नसतेच’ असं मनात पक्कं करून घरी जातात. मी गच्चीवर ऊन आणि पेन्सिल वापरतो. आडवी पेन्सिल पांढऱ्या कागदाला टेकवा : काळी, रेखीव पट्टी. सावकाश वर उचला. कडांना करडी झालर फुटते, मधली काळी पट्टी बारीक होत जाते. 7 मिलिमीटर जाडीची पेन्सिल पाऊण मीटरभर वर गेली की काळी पट्टी संपते, उरतो फक्त पुसट डाग. इथं पोरं घाई करतात, झटकन हात वर नेतात आणि ती संपण्याची जागा हुकवतात. हात थरथरत असेल तर पेन्सिल दोन खुर्च्यांच्या मध्ये टेकवा, पण सावकाश.

पाऊण मीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीच्या साधारण 108 पट. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या जवळपास तितक्याच पट लांब आहे, म्हणून हा आकडा. आता पेन्सिलीच्या जागी चंद्र ठेवा. व्यास 3,474 किलोमीटर, त्याच्या 108 पट म्हणजे पावणेचार लाख किलोमीटर. चंद्राचं सरासरी अंतर मात्र 3,84,400. म्हणजे बरेचदा त्याच्या प्रच्छायेचं टोक जमिनीपर्यंत पोचतच नाही आणि खग्रासऐवजी कंकणाकृती ग्रहण दिसतं. पृथ्वीची प्रच्छाया जवळपास 14 लाख किलोमीटर लांब असते, त्यामुळं चंद्र तिच्यात सहज मावतो.

सूर्यावर जे काळे डाग दिसतात, त्या सौर डागाच्या गडद मधल्या भागालाही अम्ब्रा म्हणतात. तिथं कुणाची सावली पडलेली नसते, तो भाग आजूबाजूपेक्षा थंड असतो, एवढंच.

पेन्सिलीचा प्रयोग करताना नजर कागदावर ठेवा, वर सूर्याकडे नाही. लहान पोरं सोबत असतील तर त्यांची पाठ उन्हाकडे करून बसवा.